दीडपट भाडं आणि डबल ड्रायव्हर

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात पुण्याच्या संगमवाडीत रात्री नऊनंतर पाय ठेवायला जागा नसते. विदर्भ-मराठवाड्याकडे जाणाऱ्या स्लीपर गाड्या ओळीनं उभ्या असतात. हातात पिशव्या, खांद्यावर सॅक अडकवलेली पोरं बुकिंग ऑफिसच्या काउंटरवर भाव विचारत फिरतात. एरवी सहाशे-सातशेला मिळणारी बर्थ त्या आठवड्यात दोन-अडीच हजारांच्या पुढे गेलेली असते. घासाघीस करायला कोणाला वेळ नसतो. घरी जायचं असतं, त्यामुळे मागतील तेवढे पैसे दिले जातात.

यावर सरकारचा नियम आहे. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि त्यानंतर राज्य सरकारनं २७ एप्रिल २०१८ रोजी निर्णय काढला. खासगी कंत्राटी बसचं भाडं एसटीच्या त्याच प्रकारच्या गाडीच्या प्रति किलोमीटर भाड्यापेक्षा जास्तीत जास्त ५० टक्क्यांनी अधिक असावं, त्याहून जास्त नाही. लोक याला दीडपटीचा नियम म्हणतात. गणपती आले, दिवाळी आली, उन्हाळ्याची सुट्टी लागली की परिवहन विभाग या नियमाची आठवण करून देतो, आरटीओची वायुवेग पथकं रस्त्यावर उतरतात, आणि तक्रारी मात्र मागच्या वर्षीच्याच असतात.

आमच्या घरात या नियमाच्या दोन्ही बाजूंची माणसं आहेत. माझ्या आत्तेसासूबाईंची सगळी नोकरी एसटीच्या अकोला विभागात तिकीट-हिशेबाच्या टेबलावर झाली. धाकट्या दिरांच्या अकोला-पुणे मार्गावर स्वतःच्या गाड्या आहेत. मध्यंतरी दोघांचं जे बोलणं झालं, ते मी लिहून काढलं. ते मागेपुढे होत गेलं, तसंच ठेवलं आहे. मध्ये जिथे मला बोलावंसं वाटलं, तिथे बोलले आहे.

भाचा : आत्या, तू आधी एका फेरीचा हिशेब मांड, मग मला लुटारू म्हण. अकोला ते पुणे पाचशे किलोमीटरच्या आसपास. एसी स्लीपर लिटरला साडेतीन, फार तर चार किलोमीटर देते. म्हणजे एका बाजूचं डिझेलच बारा-तेरा हजारांचं. त्यावर टोल, दोन ड्रायव्हर, क्लीनर, टायरची झीज, बँकेचा हप्ता, विमा, टॅक्स. बर्थ आहेत तीस. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री पुण्याहून गाडी भरून निघते, पण सकाळी अकोल्याहून पुण्याला कोण येणार? गाडी रिकामी परत न्यावी लागते. एका बाजूच्या प्रवाशांकडून दोन्ही बाजूंचा खर्च काढावा लागतो.

आत्या : बरोबर. म्हणून तर दीडपट दिलं आहे. एसटीच्या भाड्यात एसटीचा सगळा खर्च धरलेला असतो, आगारं धरलेली असतात, निवृत्त कर्मचाऱ्यांची देणी धरलेली असतात. तुझ्या डोक्यावर त्यातलं काहीच नाही. समजा एसटीच्या तशा गाडीचं भाडं हजार आहे, तर तुला पंधराशे घेता येतात. परतीची गाडी पूर्ण रिकामी गेली, तरी तुझा खर्च दुप्पट होतो, तिप्पट होत नाही. मग तिकीट तिप्पट-चौपट कशाच्या जोरावर?

भाचा : आषाढाच्या जोरावर. श्रावणाच्या, पितृपक्षाच्या जोरावर. तेव्हा मी चारशेला बर्थ विकतो. एसटीपेक्षा कमी. अर्धी गाडी रिकामी असते, तरी सोडावी लागते, कारण एक दिवस गाडी लागली नाही की ऑनलाइन बुकिंगवर माझं रेटिंग पडतं. माझं वर्ष सहा-सात आठवड्यांच्या सीझनवर चालतं. त्या आठवड्यांत हात बांधलेस तर उरलेल्या वर्षात गाडी उभी राहील. रेल्वेही हेच करते. २०१६ पासून राजधानी, शताब्दी, दुरांतोला फ्लेक्सी भाडं आहे. जागा भरत जातील तसं तिकीट चढत जातं. सरकारनं केलं की धोरण, मी केलं की लूट?

आत्या : ते फ्लेक्सी भाडं कुठे थांबतं, तेही सांग ना. मूळ भाड्याच्या १.४ पटीवर! तिथेही कोणीतरी बसून ठरवलं की माणसाच्या अडचणीचा भाव इथपर्यंत, याच्या पुढे नाही. मलाही तेवढंच हवं आहे. आणि तुझ्या वर्षाच्या हिशेबातली खरी गोम ऐक. श्रावणात चारशेत जाणारा माणूस वेगळा आणि दिवाळीत तीन हजार मोजणारा वेगळा. श्रावणात जाणाऱ्याला तारीख निवडता येते. चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर असलेल्या पोराला सुट्टी मिळते ती दिवाळीतच, आणि ती चार दिवसांची. ज्याला निवड नाही, त्याच्याकडून घेऊन तू ज्याला निवड आहे त्याला स्वस्तात नेतोस.

यावर भाऊजी काही वेळ गप्प राहिले. मला विचाराल तर भाड्याच्या वादातला हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे आणि तो क्वचितच कोणी मांडतो. मागणीप्रमाणे भाव चढावेत, म्हणजे ज्याला थांबणं शक्य आहे तो थांबेल आणि ज्याला खरी गरज आहे त्याला जागा मिळेल, असं अर्थशास्त्र सांगतं. दिवाळीला हे लागू होत नाही. तिथे कोणीच थांबू शकत नाही, त्यामुळे चढलेला भाव गर्दी कमी करत नाही, नुसता खिसा रिकामा करतो. रेल्वेचा पर्याय आहे असं म्हणावं, तर आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि सणाच्या गाड्या बघता बघता वेटिंगवर जातात.

भाचा : मग एसटीनं गाड्या वाढवाव्यात. रस्त्यावर पुरेशा गाड्या असतील तर माझ्याकडे तीन हजार द्यायला येईल कोण? कोरोनाच्या आधी एसटीचा जेवढा ताफा होता, तेवढाही नंतर राहिला नाही. गाड्या कमी, प्रवासी तेवढेच, आणि दर सणाला आरटीओची पथकं माझ्यामागे. स्वतःकडची तूट झाकायला केलेला नियम आहे हा. एसटीनंसुद्धा दिवाळीत दहा टक्के हंगामी भाडेवाढ केलेलीच आहे की.

आत्या : केली, आणि २०२४ साली लोकांनी ओरड केल्यावर मागे घेतली. तुझ्याविरुद्ध ओरड केली तर कोण मागे घेणार? बाकी गाड्या कमी पडतात, हे मला मान्य आहे. पण एसटीच्या गाड्या जातात कुठे, तेही बघ. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर पहिली गाडी सुटली, तेव्हापासून रस्ता तिथे एसटी असं लोक धरून चालले. सकाळी सहाला पातूरच्या पलीकडच्या खेड्यातून शाळेची पोरं आणणारी गाडी आहे. तिचं भारमान मी बावीस-पंचवीस टक्के लिहिलेलं आहे. आम्ही टेबलावर तो आकडा बघायचो आणि गाडी चालू ठेवायचो. कारण ती बंद केली तर पोरींची शाळा सुटते. तो तोटा पुण्या-मुंबईच्या गाड्यांवर निघायचा. तुम्ही नेमक्या त्याच मार्गांवर आलात.

भाचा : तू मला कधी त्या खेड्याची फेरी देऊ केलीस का?

आत्या : दिली असती तर घेतली असतीस?

भाचा : नाही. खोटं कशाला बोलू? स्लीपर गाडी त्या रस्त्यावर वळणारही नाही. पण एक सांग, पंचाहत्तरीच्या वरच्यांना २०२२ पासून मोफत प्रवास, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. चांगली गोष्ट आहे, आई त्यावरच माहेरी जाऊन येते. त्याचे पैसे सरकार एसटीला भरून देतं. उद्या तशी भरपाई मला दिली तर मीही अर्ध्या तिकिटात नेईन. माझ्याकडून सवलत मागायची आणि भरपाई एसटीला द्यायची, याला काय म्हणायचं?

आत्या : भरपाई वेळेवर मिळते, असं कोण म्हणालं तुला?

इथून बोलणं परवान्यावर गेलं. हा भाग वाचकांना कोरडा वाटेल, पण सगळी गुंतागुंत याच गाठीत आहे, म्हणून थोडं थांबून सांगते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात प्रवासी वाहतुकीचे दोन मुख्य परवाने आहेत. एक टप्पा वाहतुकीचा. त्यात ठरलेल्या मार्गावर प्रवासी वाटेत चढू-उतरू शकतात आणि प्रत्येकाला वेगळं तिकीट मिळतं. दुसरा कंत्राटी. त्यात पूर्ण गाडी एका करारावर ठरवायची, वाटेत कोणाला घ्यायचं नाही, सोडायचं नाही. एसटी पहिल्या परवान्यावर चालते. सगळ्या ट्रॅव्हल्स दुसऱ्यावर किंवा पर्यटक परवान्यावर. म्हणजे कायद्याच्या नजरेत अकोला-पुणे स्लीपर ही लग्नाच्या वऱ्हाडाची किंवा सहलीची गाडी आहे. प्रत्यक्षात ती रोज ठरलेल्या वेळी सुटते, बर्थ सुट्या विकते, मेहकरला दोघांना घेते आणि अहिल्यानगरला चौघांना उतरवते. हे मंत्र्यांपासून क्लीनरपर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

भाचा : मी रोज रात्री गुन्हा करतो, असं कायदा म्हणतो. आणि रोज रात्री सरकार मला तो करू देतं. मग मधल्या नाक्यावर कोणीही गाडी बाजूला घ्यायला सांगू शकतं, कारण काही ना काही सापडणारच. माझा राग नियमांवर नाही, या लटकंतीवर आहे. एसटीचा संप झाला तेव्हा, २०२१ च्या नोव्हेंबरात, सरकारनं एका अधिसूचनेनं आम्हाला एसटी स्टँडवरून प्रवासी भरायची परवानगी दिली. त्या काही महिन्यांत आमचा गुन्हा गुन्हा राहिला नाही. संप मिटला, पुन्हा गुन्हेगार. गरज लागली की आम्ही पर्यायी व्यवस्था, एरवी अवैध वाहतूक.

आत्या : त्या संपात तुमच्या लोकांनी काय भाडी घेतली, ते मी बघितलं आहे. दिवाळी उलटल्यावरही घेतली. एसटी बाजूला झाली की बाजार कसा चालतो, त्याचा नमुनाच होता तो.

भाचा : काहींनी घेतली. नाही म्हणत नाही. पण मला अधिकृत परवाना दे. मार्ग लिही, वेळ लिही, थांबे लिही, भाड्याची वरची मर्यादासुद्धा लिही. मी सही करतो. आज मर्यादा आहे पण परवाना नाही. एसटीच्या भाड्याशी माझं भाडं बांधलं आहेस आणि एसटीच्या फलाटावर गाडी लावू देत नाहीस.

आत्या : आणि फायद्याचे मार्ग कायदेशीररीत्या तुला दिले, तर खेड्याची गाडी कशावर चालवायची?

भाचा : माझ्याकडून किलोमीटरमागे पैसे घे. उडान योजनेत तेच करतात ना? मोठ्या मार्गांवरच्या विमानांकडून शुल्क घेतात आणि त्यातून छोट्या विमानतळांच्या सेवेला मदत देतात. तसा निधी कर. आज मी ज्यांना मधल्या मध्ये देतो, ते पैसे खेड्याच्या गाडीला गेले तर मला आनंदच आहे.

आत्यांनी हे कागदावर लिहून घेतलं. त्यांची ही सवय मला फार आवडते. समोरच्याची चांगली गोष्ट त्या लगेच टिपून ठेवतात, मग ती आपल्या विरुद्ध का असेना.

मला स्वतःला भाऊजींचा हा मुद्दा पटतो. जो नियम सगळे मोडतात आणि मोडू देतात, तो प्रवाशाच्या उपयोगाचा राहत नाही. गाडी मुळातच परवान्याबाहेर चालत असेल तर प्रवाशानं जास्त भाड्याची तक्रार करायची ती कशाच्या आधारावर? तिकिटावर एक आकडा असतो, रोख दुसरा घेतलेला असतो. रात्री अकराला गाडी सुटत असताना कोण पावती मागत बसेल?

भाचा : दुसरं, टॅक्सचं. महाराष्ट्रात सीटवर टॅक्स बसतो. माझ्या शेजारी जी गाडी उभी असते, तिची पाटी नागालँडची. तिनं कोहिमा कधी बघितलेलं नाही. २०२१ ला केंद्रानं अखिल भारतीय पर्यटक परमिट काढलं, २०२३ ला त्याचे नवे नियम आले. ऑनलाइन शुल्क भरा, देशभर फिरा. कल्पना उत्तम आहे, नाक्यानाक्यावरचा त्रास संपला. पण मग ज्या राज्यात टॅक्स कमी, तिथे जाऊन पासिंग करायचं आणि धंदा इथे करायचा. त्याची बर्थ माझ्यापेक्षा शे-दीडशेनं स्वस्त पडते. नियम पाळणारा मागे पडतो. तमिळनाडूनं २०२४ ला अशा बाहेरच्या पासिंगच्या गाड्यांवर बंदी आणली, तेव्हा केवढा गोंधळ झाला.

आत्या : मला टॅक्सपेक्षा दुसरी भीती वाटते. त्या गाडीची तपासणी कोणी केली? फिटनेसचा दाखला हजारो किलोमीटरवरचा. दार उघडतं की नाही, ते बघणारा माणूस कोण?

या प्रश्नानंतर दोघांचा सूर बदलला. अकोला-पुणे मार्गावर ज्यांचं येणं-जाणं आहे, त्यांना का ते सांगायला नको. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री, दीडच्या सुमारास, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ पिंपळखुटा शिवारात उलटली आणि पेटली. गाडी डाव्या कुशीवर पडली आणि दार खाली दाबलं गेलं. २५ जण आत जळाले, आठ वाचले. त्याआधी ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे नाशिकला औरंगाबाद रोडवर यवतमाळहून मुंबईला जाणारी बस ट्रकला धडकून पेटली होती, त्यात १२ जण गेले. दोन्ही गाड्या रात्रीच्या, लांबच्या पल्ल्याच्या, गाढ झोपलेल्या माणसांनी भरलेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या म्हणाल्या, मला तुझी गाडी बघायची आहे. भाऊजींनी हो म्हटलं, म्हणून मीही गेले. गाडी धुऊन उभी होती. आत चढल्यावर मधली वाट एवढी अरुंद, की आत्यांना अंग तिरकं करून चालावं लागलं. दोन्ही बाजूंना खाली-वर बर्थ, प्रत्येकीला जाड पडदा, भिंतीला फोम आणि त्यावर रेक्झिन. काच फोडायची हातोडी जिथे अडकवायची, त्या लाल क्लिपा जागेवर होत्या. सहा क्लिपा आणि दोन हातोड्या. बाकीच्या हातोड्या प्रवाशांनी नेल्या, असं क्लीनर म्हणाला. आपत्कालीन खिडकी उजव्या बाजूच्या शेवटच्या खालच्या बर्थला होती. तिची मूठ गादीच्या कव्हराखाली गेलेली. आत्यांनी कव्हर वर केलं, मूठ धरली आणि ओढली. हलली नाही. क्लीनरनं दोन्ही हातांनी ओढल्यावर ती करकरत उघडली.

आत्या : अंधार आहे, धूर आहे, गाडी आडवी आहे, आणि या बर्थवर पासष्ट वर्षांची बाई झोपली आहे. ही मूठ ती किती वेळात शोधेल?

भाचा : पासिंगला गाडी गेली तेव्हा खिडकी उघडत होती. साहेबांनी बघितली होती.

आत्या : वर्षातून एका दिवशी उघडून भागतं का?

भाऊजींनी त्याच दिवशी मेकॅनिकला बोलावलं, मुठी बदलल्या, गाद्यांची कव्हरं त्या जागी कापून घेतली. हे मी त्यांच्या कौतुकासाठी सांगत नाही. ज्या कामाला एक दुपार आणि काही हजार रुपये लागले, त्यासाठी कोणत्याही पथकानं त्यांची गाडी कधी थांबवली नव्हती. सणासुदीला थांबवली होती ती भाड्यासाठी. बस बॉडीचे मापदंड आपल्याकडे आहेत, स्लीपरसाठी वेगळे आहेत, आग ओळखून विझवणाऱ्या यंत्रणेचेही आहेत. कागदावर कमी काही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आधी जैसलमेरला आणि मग कर्नूलजवळ स्लीपर बस जळाल्या, तेव्हा पुन्हा देशभर तपासण्या झाल्या. माणसं मेली की महिनाभर तपासणी होते आणि मग थांबते. याचा मला संताप येतो.

परतताना गाडीच्या पुढच्या भागात, ड्रायव्हरच्या मागे, फळीएवढी एक जागा दिसली. दुसऱ्या ड्रायव्हरची झोपायची जागा.

आत्या : हा इथे झोपतो?

भाचा : माझ्याकडे इथे तरी झोपतो. कितीतरी गाड्यांत खाली सामानाच्या डिकीत झोपवतात. आणि डबल ड्रायव्हर म्हणून कागदावर दोन नावं असली तरी अनेक ठिकाणी गाडीत असतो एकच.

आत्या : कायदा काय म्हणत आला, माहीत आहे तुला? नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. लांबच्या पल्ल्याला दिवसाला दहापर्यंत सूट, पण त्यालाही अटी. पाच तास चालवल्यावर अर्धा तास विश्रांती. मोटार वाहन कायद्याच्या ९१व्या कलमानं हेच तास व्यावसायिक गाडीच्या प्रत्येक ड्रायव्हरला लागू केले होते. एसटीत ड्युटीचा अलोकेशन तक्ता असतो. तो मोडला की युनियन भांडते. तुझ्या ड्रायव्हरसाठी कोण भांडतं?

भाचा : कोणी नाही. आणि खरं सांगू? मी सीझनला एकाच ड्रायव्हरला लागोपाठ फेऱ्या देतो. तोही मागून घेतो, भत्ता मिळतो म्हणून.

आत्या : वैमानिकांचं बघ. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, ती कशामुळे? वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्ण लागू झाले आणि कंपनीनं त्याप्रमाणे माणसांची तयारी केली नव्हती. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर नेली होती, रात्रीची लँडिंग कमी केली होती.

भाचा : आणि शेवटी काय झालं? प्रवाशांचे हाल झाल्यावर सरकारनं त्याच कंपनीला तात्पुरती सूट दिली. विश्रांतीचा नियम मागे आणि भाड्यावर मर्यादा पुढे. पाचशे किलोमीटरपर्यंत साडेसात हजार. तुमचं सरकार विमानातही भाडंच आधी बघतं, झोप नंतर.

आत्या : खरं आहे. मला ते अजिबात आवडलं नाही. पण तिथे निदान वैमानिक किती तास जागा होता, हे मोजलं जातं. मोजलं जातं म्हणूनच भांडता आलं.

या एका गोष्टीवर दोघं एकत्र आले, आणि मलाही इथेच सगळ्यांत जास्त बोलायचं आहे. भाड्याचा नियम प्रवाशाला दिसतो, त्यामुळे त्यावर बातम्या होतात, आंदोलनं होतात, मंत्री इशारे देतात. ड्रायव्हरची झोप प्रवाशाला दिसत नाही. प्रवासी पडदा ओढून झोपलेला असतो. जे प्रवाशाला स्वतः तपासता येत नाही, तिथे सरकारची गरज सर्वांत मोठी असते. तीन हजारांचं तिकीट महाग आहे, हे मला काउंटरवर कळतं आणि मी निदान चिडू तरी शकते. गाडी चालवणारा माणूस काल रात्रीही जागा होता, हे मला कधीच कळणार नाही. आणि हे मोजणं अशक्य नाही. २०१९ पासून नव्या सार्वजनिक वाहनांत जीपीएसवर चालणारं ठावठिकाणा दाखवणारं यंत्र सक्तीचं आहे. गाडी कधी निघाली, कुठे किती वेळ थांबली, हे सगळं त्यात येतं. त्याला ड्रायव्हरच्या लायसन्सची नोंद जोडली, तर तास आपोआप निघतील. वायुवेग पथकाला अंधारात टॉर्च घेऊन उभं राहायची गरजही पडणार नाही.

भाचा : मी उद्यापासून नोंद ठेवतो. गाडीच्या दारावर पाटी लावतो की चालकाची शेवटची विश्रांती इतके तास. पण शेजारचा लावणार नाही. तो एका ड्रायव्हरचा पगार वाचवेल आणि बर्थ दोनशेनं स्वस्त देईल. ऑनलाइनवर लोक आधी भाव बघतात. तेव्हा मला एकट्याला सांगू नकोस, सगळ्यांना सांग. नागालँडच्या पाटीलाही.

आत्या : म्हणजे नियम हवा.

भाचा : मी कधी नको म्हणालो? जो सगळ्यांना सारखा लागेल असा हवा.

त्या संध्याकाळी आत्यांनी परिवहन आयुक्तांच्या नावे पत्र लिहायला घेतलं. ड्रायव्हरच्या तासांची यंत्रातून नोंद, आपत्कालीन दारं-खिडक्यांची फिटनेसच्या पलीकडे वर्षभर अचानक तपासणी, गाडी कुठल्याही राज्याच्या पासिंगची असली तरी, हे त्यांनी पहिल्या पानावर घेतलं. रात्रीच्या लांब पल्ल्याच्या खासगी गाड्यांना खराखुरा मार्ग परवाना आणि त्या बदल्यात खेड्यांच्या फेऱ्यांसाठी किलोमीटरमागे शुल्क, ही भाऊजींची सूचना दुसऱ्या पानावर, भाऊजींच्या शब्दांत. भाड्याच्या परिच्छेदावर मात्र दोघं अडले. दीडपटीचा नियम तसाच ठेवावा आणि तिकिटावर एसटीचं भाडं शेजारी छापणं सक्तीचं करावं, असं आत्यांनी लिहिलं होतं. भाऊजींनी ते वाचलं आणि म्हणाले की परतीची फेरी रिकामी जाते त्या ठरावीक रात्रींसाठी दुपटीपर्यंत मुभा हवी, तीही परतीच्या रिकाम्या फेरीची नोंद यंत्रात दाखवली तरच.

आत्यांनी तो परिच्छेद खोडला नाही. त्याखाली त्यांनी भाऊजींचं म्हणणं वेगळं लिहिलं, आणि कोणाचं मत कोणतं ते स्पष्ट करून दोघांनी आपापल्या मजकुराखाली सह्या केल्या.